लंगडी खुर्ची

पहिल्या बैठकीला सात खुर्च्या होत्या. आठवी लंगडी.
लंगडीवर मी बसले; इतिवृत्त लिहिणारीने
फार हलायचं नसतंच.
याकिमाच्या खोऱ्यात, शेतकरी मंडळाच्या हॉलमागची खोली,
खिडकीबाहेर हॉप्सच्या रिकाम्या तारा, नोव्हेंबर,
आणि विषयपत्रिकेवर एकच विषय: टेलिफोनचं बिल.

चार दवाखाने. खिसा रिकामा असला तरी
दार उघडं ठेवणारे.
चौघं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहत होते,
कारण अनुदानाचं भांडं एक आणि ताटं चार.

सफरचंदांच्या मुकादमांशी भांडून भांडून घडलेली
यूस्तोलिया बारागान. तिने टेबलावर चिल्लर ओतली.
"ही आमची वर्गणी. मोजा."
मी मोजली. एकतीस डॉलर चाळीस सेंट.
इतिवृत्तात तेवढंच आहे.
चिल्लरीला कांद्याच्या शेताचा वास येत होता,
ते नाही.

जानेवारीत डॉक्टर ऑस्ट्रँडरच्या दवाखान्यातला
लसींचा फ्रीज बंद पडला. रात्री दोन वाजता.
डोंगरापलीकडच्या बंदरातली थोरा,
जिच्याशी तो दोन बैठका बोलला नव्हता,
चाकांना साखळ्या बांधून घाट चढून आली.
मासळीची रिकामी पेटी, आत घोंगडी, थर्मामीटर.
बाहेर सगळं गोठलेलं. लसी मात्र गोठूनही चालत नाहीत,
तापूनही नाही. दोन ते आठ अंश.
परत जाताना गाडीतला हीटर बंद ठेवून
ती प्रत्येक वळणावर पेटीत डोकावत होती,
जणू मागे तान्हं मूल निजलंय.

संस्थेची स्थापना मी त्या रात्रीची धरते.
कागदावर तारीख वेगळी आहे, शिक्क्यासह.

मग अलास्कातून अगाफिया इव्हान आली.
म्हणजे तिचा आवाज आला.
तिच्या गावाला रस्ताच नाही, विमानाला वारा आडवा,
आणि गणपूर्तीला एक माणूस कमी.
आवाजाला माणूस धरावं का, यावर दीड तास.
मी एक खुर्ची ओढली, तिच्यावर स्पीकर ठेवला,
आणि हजेरीत लिहिलं: उपस्थित.
वादळात ती मध्येच बुडायची. आम्ही थांबायचो.
थांबायला शिकलो, हीही वाढच असावी.

एकोणीस झाले. मग साठ. मग मोजणी माझ्याकडे राहिली नाही;
हिशेबनीस आला, वकील आला, गालिचा आला.
आमची घरगुती भांडणंसुद्धा उपसमितीत गेली.

एक दवाखाना गेलाही.
लाकडाची गिरणी बंद पडली, गाव ओसरलं,
शेवटच्या परिचारिकेने किल्ली पाकिटात घालून
आमच्या पत्त्यावर पाठवली. दुसरा कुठला पत्ता तिला सुचला नसेल.
सभासद यादीतून नाव काढायचा ठराव मांडला गेला.
अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन?
खोलीत कोणी खोकलंही नाही.
नाव अजून आहे. वर्गणी: शून्य.
किल्ली माझ्या खणात.

यंदा हॉटेलात सभा. तीनशे ऐंशी खुर्च्या,
साऱ्यांना मखमली झबली, मागे फुगलेल्या गाठी.
पडद्यावर एक रेघ चढत होती.
टाळ्या झाल्या. रेघ छान होती, खरंच.
निवृत्त होणाऱ्या बाईंनी दोन शब्द बोलावेत, म्हणाले.
मी एकच बोलले आणि तोही विसरले.

तेवढ्यात दाराशी एक मुलगी दिसली, उशिरा आलेली,
बुटांना चिखल, जागा शोधत.
मी उठून तिला माझी खुर्ची दिली
आणि सवयीने लंगडी कुठे आहे ते पाहू लागले.

चहाच्या वेळी ती हळूच म्हणाली,
आमचा फ्रीज जुना झालाय, रात्री घरघरतो.
कोणाला विचारू?
तिच्या बिल्ल्यामागे मी तीन नंबर लिहिले.
पहिला थोराच्या दवाखान्याचा.
थोरा गेली, सहा वर्षं झाली.
पण तिथे रात्री दोनलाही
फोन उचलतात.